सहा हजार गुलाब इकडून तिकडे

जुनं स्क्रीनगार्ड काढलं की काचेवर डिंक राहतो. कापडानं पुसा, नखानं खरवडा, थोडा राहतोच. मोबाइलच्या दुकानात किस्सेही असेच राहतात. गिऱ्हाईक फोन घेऊन निघून जातं आणि किस्सा काउंटरला चिकटतो. मला इथे चार वर्षं झाली. आता काउंटरवर हात ठेवायला जागा नाही.

दुकान अमरावतीत, एसटी स्टँडवरून राजकमल चौकाकडे जाताना. नाव ‘इंगळे मोबाइल’. मालक इंगळे काका. मी सुमेध. इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं. का सोडलं हे विचारणारे रोज पाच तरी येतात, आणि त्यांतल्या चौघांना स्वतःच्या फोनचा पासवर्ड आठवत नसतो.

आमच्याकडे खरी गर्दी असते ती पलटी मारणाऱ्यांची. म्हणजे अँड्रॉइड सोडून आयफोनवर जाणारे, आणि दोन महिन्यांनी तोंड पाडून परत येणारे. त्यांचं सगळं सामान या फोनमधून त्या फोनमध्ये हलवायचं काम मोनालीचं. मोनाली काकांची मुलगी, सव्वीस वर्षांची, बी.कॉम. दुकान तिच्या डोक्यावर चालतं. मी तिचा हाताखालचा माणूस. काकांचं दुसरं अपत्य म्हणजे पिंटू. तो मोठा आहे. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

गेलं वर्षभर मोनालीचा जीव अकोल्यात अडकला होता. पिंटूचे सासरे, तायडे साहेब, यांचा तिथे एक गाळा रिकामा होता आणि त्यात ‘इंगळे मोबाइल’ची दुसरी शाखा निघायची होती. ती शाखा मोनालीला हवी होती. इतकी, की तिनं अकोल्यात राहायला खोलीसुद्धा बघून ठेवली होती. काकांनी ठरवलं होतं पिंटूला द्यायची. का? तर पिंटू मुलगा आहे. विषय संपला!

हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

*

इंगळे काका तीस वर्षं एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर माइकसमोर बसून, हातात येईल ती चिठ्ठी वाचायची. परतवाडा, मोर्शी, दर्यापूर, जे असेल ते. वाचून झाल्यावर अर्थ लागायचा, कधी कधी तोही नाही. एकदा कुणीतरी गंमत म्हणून चिठ्ठी सरकवली, तर काकांनी साऱ्या स्टँडला ऐकवलं, “प्रवाशांनी लक्ष द्यावं. इंगळे साहेबांचा चहा थंड होत आहे.”

तर या माणसानं त्रेसष्टाव्या वर्षी आयफोन घेतला. कारण तायडे साहेबांकडे आहे. व्याह्यांनी आपला आयफोन बैठकीत टीपॉयवर ठेवला, शेजारी काकांनी आपला जुना अँड्रॉइड ठेवला, आणि त्या रात्री काका जेवले नाहीत.

आयफोन घेतला, आणि तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन ओरडले, “मोने! याच्यात कॉल रेकॉर्ड काहून होत नाही आपोआप?”

काकांच्या जुन्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. चार वर्षांचे कॉल साठवलेले! भाऊ, साडू, मेव्हणा, कुणी काही नाकबूल केलं की काका म्हणायचे, “थांब, ऐकवतो.” नातेवाइकांत त्यांची तीच दहशत होती.

मोनालीनं आयफोनवर रेकॉर्डिंगचं बटण दाखवलं. म्हणाली, “बाबा, पण याच्यात समोरच्याले कळते.”

“कसं काय कळते? आपन सांगनारच नाही!”

घरी जाऊन काकांनी तिवस्याच्या धाकट्या भावाला फोन लावला. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद होता. भाऊ रंगात आला तसं काकांनी बटण दाबलं. फोनमधून एका बाईनं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की हा कॉल रेकॉर्ड होत आहे.

काकांनी फोन कानापासून लांब धरला.

मग भाऊ हळूच म्हणाला, “दादा... हे बाई कोन व्हय? वहिनी घरी नाहीत काय?”

दुसऱ्या दिवशी तिवस्यातून काकूंना चार फोन आले. काकूंनी चारही जणींना एकच सांगितलं, “राहू दे. त्याईले इंग्रजी येत नाही, जास्त दिवस टिकनार नाही ते बाई.”

*

अचलपूरचे एक निवृत्त हेडमास्तर आले. मुलानं पुण्याहून आयफोन पाठवला होता. जुन्यातलं सगळं नव्यात पाहिजे.

मोनालीनं जुना फोन उघडला. जागा भरून वाहत होती. आत सुप्रभात. गुलाबावर सुप्रभात, कपातल्या चहावर सुप्रभात, उगवत्या सूर्यावर, मावळत्या सूर्यावरसुद्धा सुप्रभात. सहा हजारांच्या वर.

“सर, नव्या फोनमध्ये इतकी जागा नाही. आणि यात मेमरी कार्डही टाकता येत नाही. हे गुलाब काढून टाकू?”

“एकही नाही!” सर म्हणाले. “मी निवडून ठेवलेले आहेत.”

“मग या नातवाच्या व्हिडिओंपैकी काही?”

सरांनी विचार केला. खरंच केला! नातू पहिल्यांदा चालतो तो व्हिडिओ एका बाजूला, गुलाब दुसऱ्या बाजूला, आणि हा माणूस विचार करतोय. शेवटी मोनालीनं नातू गुपचूप पेन ड्राइव्हवर टाकला आणि त्यांच्या हातात दिला.

काम चार तास चाललं. तेवढ्या वेळात सरांना बोलायला कुणीतरी पाहिजे होतं. मी सापडलो.

“शिक्षण किती?”

“सोडलं सर. तिसऱ्या वर्षात.”

“अरेरे. मायबापानं काय स्वप्नं पाह्यली असतील! आणि तू आता काय करून राहिला आयुष्यात?”

“तुमचे सहा हजार गुलाब इकडून तिकडे वाहून राहिलो सर.”

*

पिंटूला एकदा बिझनेस आयडिया आली. आमच्याकडे पोरी पाहायच्या कार्यक्रमाला जाताना मुलगा नवी चप्पल घालतो, मित्राची गाडी मागून नेतो. पिंटू म्हणाला, आयफोनसुद्धा मागून न्यावा! दुकानातले दोन डेमो फोन दिवसाच्या भाड्यानं द्यायचे. पोरगा जाईल, टीपॉयवर ठेवेल, संध्याकाळी परत आणून देईल.

मोनाली म्हणाली, “एखाद्या पोरीनं तो फोन हातात घेतला तं?”

काका म्हणाले, “तू प्रत्येक गोष्टीत खोडा काहून घालतं? याले म्हणतात बिझनेस माइंड!” ही शाबासकी पिंटूच्या खात्यात गेली, आणि अकोला मोनालीपासून आणखी एक स्टेशन लांब गेलं.

पहिलं गिऱ्हाईक दर्यापूरचं. पोरगा बिचारा सरळ, खताच्या दुकानात कामाला. आम्ही त्याला फोन उघडायला, फोटो काढायला आणि खिशात घालायला शिकवलं. जन्मभर अँड्रॉइड वापरलेला माणूस, अर्ध्या तासात आणखी काय शिकणार?

दुपारी दोन वाजता त्याचा मला फोन आला, त्याच्या स्वतःच्या जुन्या फोनवरून. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

“सुमेध भाऊ, मी पोरीच्या घरच्या न्हाणीत उभा आहो.”

“काहून?”

“तिच्याजवळ आयफोन आहे! आमचा दोघांचा फोटो काढला मी, तं ते म्हणते एअरड्रॉप करा. हे काय असते भाऊ?”

मी त्याला सांगितलं. इथे दाब, तिथे दाब, तिचं नाव दिसेल त्यावर दाब. त्यानं बाहेर जाऊन दाबलं. फोटो बरोबर गेला.

फक्त तिच्या फोनवर पाठवणाऱ्याचं नावही आलं: ‘इंगळे मोबाइल डेमो २ यांना तुम्हाला फोटो पाठवायचा आहे.’

पोरीनं बापासमोर, मामासमोर, पोह्यांच्या ताटल्यांसमोर ते मोठ्यानं वाचलं. मग पोराकडे पाहिलं.

“डेमो एक कुठी आहे?”

सगळ्यांत आधी तो पोरगाच हसला. लग्न जमलं. ती म्हणाली, निदान हा माणूस हसला तरी.

*

रुख्मिणीनगरातल्या एक शिवणकामवाल्या ताई आहेत. ब्लाउज शिवतात. त्यांची सगळी मापं व्हॉट्सअ‍ॅपवर. कुणाची बाही केवढी, कुणाचा गळा किती, कुणाला मागून नाडी पाहिजे, सगळं त्या त्या बाईच्या चॅटमध्ये फोटो काढून ठेवलेलं. ऐन लग्नसराईत त्यांच्या भाच्यानं त्यांना आयफोन दिला आणि त्या तो घेऊन आमच्याकडे आल्या.

मोनाली त्या दिवशी अकोल्याला गेली होती, गाळ्याचं वायरिंग बघायला. हो, वायरिंग तिनंच बघायचं! काउंटरवर पिंटू.

हे काम करायची एक पद्धत असते. आधी नवा फोन कोरा ठेवायचा, दोन्ही फोन शेजारी ठेवायचे, सामान हलवायचं, नव्यात सगळं आलं हे डोळ्यांनी पाहायचं, आणि मगच जुन्याला हात लावायचा. पिंटूनं जुना फोन आधी साफ करून टाकला. म्हणाला, “तिकडं जाईनच आता सगळं.” जसं काही तो फोन नव्हता, भाड्याचं घर होतं, आणि सामान रस्त्यात ठेवलं होतं.

ताईंनी नवा फोन उघडला. मापं नाहीत. एकही नाही. त्या खुर्चीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी पाणी दिलं.

मोनाली संध्याकाळी आली. जुना फोन परत चालू केला, आठवडाभरापूर्वीचा बॅकअप सापडला, तो आधी जुन्यात उतरवला, मग नव्यात नेला. मधल्या आठवड्याची अकरा मापं गेलीच होती. तिनं दुसऱ्या दिवशी अकरा बायकांना स्वतः फोन केले, “मावशी, ताईनं पाठवलेला तुमच्या मापाचा फोटो परत पाठवता काय?” आठ आले. तिघींची मापं घ्यायला ताईंना स्वतःच्या स्कूटीवर घेऊन गेली.

काका सगळ्यांना सांगत होते, “पिंट्या घाबरला नाही पहा! दुसरा कोनी असता तं रडला असता.”

ताईंनी तेव्हापासून एक सवय लावून घेतली. दुकानात यायच्या आधी फोन करायचा, “पिंटू आहे काय दुकानात?” आहे म्हटलं की म्हणायच्या, “मंग उद्या येतो.” त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला सांगितलं. महिन्याभरात रोज पाच-सहा फोन यायला लागले, “पिंटू आहे काय?”

काकांची छाती फुगली. म्हणाले, “पाह्य सुमेध, पोराची केवढी विचारपूस होऊन रायली मार्केटमध्ये!”

*

तायडे साहेबांबद्दल सांगायलाच पाहिजे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, बोलताना डोळे मिटतात, आणि तुम्ही बोलायला लागलात की तेव्हाही मिटतात. गाळ्याची बोलणी पक्की करायला ते अमरावतीला आले. दुकानात बसले. आयफोन काचेच्या काउंटरवर, सगळ्यांना मागचं सफरचंद दिसेल असा.

“एकदा आयफोन वापरला की माणूस खाली उतरू शकत नाही,” साहेब म्हणाले.

“बरोबर आहे,” काका म्हणाले. काका तेव्हा आठवडाभर गजर कसा बंद करायचा ते शोधत होते.

“माझी एकच अट आहे इंगळे साहेब. गाळा माझा, तर शाखा जावयाच्या नावानं. मुलींचं काय, त्या...” आणि साहेबांनी हात हवेत असा उडवला की जणू मोनाली म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं उडालेली पावती. मोनाली तीन फुटांवर बसून एका फोनचा चार्जिंग पिन साफ करत होती. तिनं मान वर केली नाही. ब्रश तेवढा थांबला.

मी काहीतरी बोलणार होतो. माझं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात फोन वाजला. जोरात. लग्नातल्या बँडची रिंगटोन.

सगळ्यांनी काउंटरवरच्या आयफोनकडे पाहिलं. तो गप्प. काळा. मेलेला.

आवाज साहेबांच्या सफारीच्या आतून येत होता.

साहेबांनी डोळे मिटले. पण फोन मिटेना. शेवटी त्यांनी आतल्या खिशातून एक जुना, काच तडकलेला, रबर बँड लावलेला अँड्रॉइड काढला आणि “मीटिंगमध्ये आहो” म्हणून ठेवून दिला.

मोनालीनं ब्रश खाली ठेवला. आयफोन उचलला, बाजूचा सिमचा ट्रे टोचून काढला. रिकामा.

“काका,” ती तायडे साहेबांना अगदी गोड आवाजात म्हणाली, “यात सिम टाकून देऊ? म्हंजे वरतूनच बोलता येईल. खाली उतराची गरज नाही.”

अट मात्र त्यांनी सोडली नाही. आणि काकांनी ती मान्य केली.

*

उद्घाटनाच्या महिनाभर आधी काकांनी घरातल्या सगळ्यांना दुकानातले सेकंडहँड आयफोन वाटले. व्याह्यांसमोर सारं घर एकसारखं दिसलं पाहिजे! पिंटूला, मोनालीला, आणि काकूंनासुद्धा, कोपऱ्यातून थोडा चिरलेला.

काकू अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्याकडे कामाचा अँड्रॉइड आधीपासून आहेच. पिशवीत एक हा, एक तो, सोबत वजनकाटा. तरी घरातल्या प्रत्येकाला काकूंना फोन शिकवायची भारी हौस. मीही शिकवला आहे. “काकू, हिरवं बटण म्हंजे उचलायचं.” काकू “हो काय? बरं झालं सांगतलं” म्हणायच्या.

आता प्रत्येक आयफोनला मालकाची एक आयडी लागते. मोनाली म्हणाली, चौघांच्या चार वेगळ्या करू.

काका भडकले. “चार कायले? रेशनकार्ड एक, मीटर एक, गॅस एक. घर एक आहे तं आयडी चार काहून? तुले वेगळं निंगाचं आहे काय घरातून?”

“बाबा, एकाच आयडीवर टाकलं तं एकाचं सगळं दुसऱ्याले दिसते.”

“दिसू दे! घरात काय लपवाचं असते?”

पिंटूनं चारही फोन काकांच्या आयडीवर टाकले. कुटुंबप्रमुख: इंगळे काका.

रविवारी पिंटू नागपूरला माल आणायला गेला. दुपारी काका दुकानात जेवताना फोनमधले फोटो बघायला लागले आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागले, “चिखलदरा. आज. बारा वाजून दहा मिनिटं.” फोटोत पिंटू होता, गॉगल लावून, हातात भुट्टा. पुढच्या फोटोत पिंटू दरीकडे तोंड करून हात पसरून उभा.

काकांनी फोन तीन-चारदा तळहातावर आपटला. मग माझ्याकडे दिला.

“सुमेध, दुरुस्त कर. नागपूरले चिखलदरा दाखवून रायला.”

*

त्याच आठवड्यात काका हसत दुकानात आले आणि फोन माझ्यासमोर धरला. फोनच्या नोट्समध्ये एक लांबलचक यादी होती. वर लिहिलं होतं, ‘अकोला.’ खाली, दुरुस्तीचं टेबल दाराजवळ नको, काचेमागे पण गिऱ्हाइकाला दिसेल असं. म्हाताऱ्या माणसांसाठी दोन खुर्च्या, हात असलेल्या. फोन हलवायच्या आधी काय काय विचारायचं त्याचा छापील कागद. बायकांचा फोन बाईच हाताळणार असा बोर्ड.

“पिंट्यानं लिवलं! याच्या डोक्यात किती आहे पाह्य! मलेच ओळखता नाही आला पोरगा!”

मोनाली मागे उभी होती. ती यादी तिची होती, तीन महिने जुन्या फोनमध्ये जमवलेली आणि आता या आयफोनमध्ये आणलेली. एकच आयडी, म्हणून काकांच्या फोनमध्ये उतरली होती.

मी म्हणालो, “काका, हे पिंटूनं नाही...”

“सुमेध,” मोनाली म्हणाली, “बस.”

पिंटूही तिथेच होता. त्यानं यादी पाहिली. बापाकडे पाहिलं. आणि मान हलवली. हो म्हणून! मी त्या माणसाला आजपर्यंत नुसता बिनडोक समजत होतो. त्या दिवशी ते मत मी मागे घेतलं. डोकं होतं. वापरायची जागा वेगळी होती.

संध्याकाळी शटर ओढताना मोनाली म्हणाली, “खोलीवालीले ‘नाही’ म्हणून सांगून टाकलं मी. अकोल्याच्या.”

“भांडत काहून नाही तू?”

“कोनाशी? बाबा आयकत नाहीत, वाचतात.”

*

उद्घाटन.

आदल्या दिवशी काकांनी मला समोर बसवून भाषण लिहून घेतलं. त्यांच्याच फोनमध्ये, नोट्समध्येच, कारण व्याही कागद हातात घेत नाहीत. अक्षर मोठं करून पाहिजे होतं. मी टाइप करत होतो आणि प्रत्येक शब्दाला आतून शिव्या घालत होतो. शेवटचं वाक्य होतं, “ही शाखा मी आजपासून माझा मुलगा प्रशांत याच्या स्वाधीन करतो.” प्रशांत म्हणजे पिंटू. ते मी टाइप केलं. नोकरी आहे, करावं लागतं. बाकीच्यांना न बोलल्याबद्दल शिव्या देतो, तर स्वतःचंही लिहून ठेवतो.

अकोल्याच्या गाळ्यासमोर मांडव, साठेक माणसं. बुद्धवंदना झाली. पिंटू सूट घालून रिबनजवळ उभा. त्याची बायको, तायडे साहेबांची मुलगी, फोन उंच धरून व्हिडिओ कॉलवर लाइव्ह दाखवत होती. तिवसा, दर्यापूर, पुणे, सगळे नातेवाईक बघत होते. मोनालीच्या दोन्ही हातांत ताट. ताटात कात्री, पेढे आणि दुकानाची किल्ली. काकू पहिल्या रांगेत, नवी साडी, मांडीवर पिशवी.

आधी तायडे साहेब बोलले. डोळे मिटून. पंचवीस मिनिटं. आयफोन माणसाला कसा शिस्त लावतो यावरच दहा.

मग काका उठले. माइकसमोर उभे राहिले. माइक दिसला की या माणसाची पाठ आपोआप ताठ होते. फोन डोळ्यांसमोर धरला आणि सुरू झाले. तोच स्टँडवरचा आवाज. प्रत्येक वाक्य फलाटाला सांगितल्यासारखं.

“सर्व उपस्थितांना जय भीम. आज अकोल्यात इंगळे मोबाइलची शाखा सुरू होत आहे, याचा मला अत्यानंद होत आहे. माझे व्याही तायडे साहेब यांचे मी आभार मानतो. ही शाखा मी आजपासून माझी मुलगी मोनाली हिच्या स्वाधीन करतो.”

मी मान वर केली.

काका थांबले नाहीत. समोर आणखी मजकूर होता, आणि मजकूर असेपर्यंत ते थांबत नाहीत.

“दुकानाची मांडणी, यादी आणि वायरिंग सर्व तिचंच आहे. प्रशांत यानं ते आपलं म्हणून सांगितलं, ते खोटं आहे. तो त्या रविवारी नागपूरला नव्हता. मी आता किल्ली मोनालीच्या हातात देत आहे.”

आणि वाचता वाचताच काकांचा हात ताटातल्या किल्लीकडे गेला. त्यांनी ती उचलली, मोनालीच्या हातात ताट होतं म्हणून क्षणभर गोंधळले, मग ताट स्वतः घेतलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

“टाळ्या,” काकांनी वाचलं.

साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. तायडे साहेबांनी डोळे उघडले, तोपर्यंत त्यांच्याही दोन टाळ्या वाजून गेल्या होत्या. पिंटूच्या बायकोनं फोन खाली घेतला, पण तिच्या फोनमधून काकांच्या तिवस्याच्या धाकट्या भावाचा आवाज यायला लागला होता, “वा दादा! हे रेकॉर्ड करून ठेवतो मी!”

मग काकांना अर्थ लागला. ते फोनकडे बघत राहिले. नंतर माझ्याकडे. मी हात वर केले. खरंच, मी नव्हतो.

मी मोनालीजवळ सरकलो. “तू केलं?”

“मी ताट धरून उभी होती रे तासापासून. माहा फोन गाडीत आहे.”

पिंटू असं स्वतःबद्दल लिहिणार नव्हता.

पहिल्या रांगेतून काकूंनी मला बोटानं खुणावलं. मी खाली वाकलो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर तो कोपऱ्यातून चिरलेला फोन, त्यात काकांचंच भाषण उघडं, अंगठा अजून त्याच्या काचेवर.

“सुमेध, तू ते हिरवं बटन शिकवलं ना मले, बरं झालं,” काकू म्हणाल्या. “आता हे नोट्स बंद कसं करायचं, तेवढं सांग.”